निरोप्या

आषाढातली संध्याकाळ होती. माऊलींची पालखी दुपारीच लोणंद सोडून तरडगावच्या वाटेला लागली होती. मागे उरला होता चिखल, पत्रावळ्या आणि पालखी पुढे गेल्यावर गावाला येणारं रिकामपण. आमचा तंबू वैद्यकीय मदत केंद्राला लागून होता. तंबूत एक लोखंडी टेबल, त्यावर दोन मीटर बँडचा रेडिओ सेट, खाली गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि बाहेर बांबूला बांधलेली अँटेना. तरडगावला असाच दुसरा तंबू होता, तिथे आमच्या गटातला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा बसला होता. आम्ही दोघं हॅम, म्हणजे सरकारी परवाना असलेले हौशी रेडिओवाले. रीतसर परवानगी काढून तिथे बसलो होतो. लाखभर माणसं एका रस्त्यावर आली की फोन लागेनासे होतात. तेव्हा निरोप इकडून तिकडे पोचवायचे, एवढंच आमचं काम.

साडेपाचच्या सुमाराला एक आजी आल्या. जिंतूरकडच्या. सकाळी चक्कर आली म्हणून त्यांना सलाईन लावलं होतं, त्यात डोळा लागला, जाग आली तर दिंडी पुढे गेलेली. पिशवीतल्या चिठ्ठीवर मुलाचा मोबाइल नंबर होता, पण चिठ्ठी पावसात भिजून नंबराचा नुसता निळा डाग उरला होता. दिंडीचा नंबर मात्र आजींना तोंडपाठ होता. "रथामागं," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

वारी केलेल्यांना हे सांगायला नको, पण पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीला नंबर असतो आणि नंबराच्या आधी रथापुढे की रथामागे हे सांगावं लागतं. रथापुढे सत्तावीस दिंड्या, बाकी सगळ्या रथामागे. आजींच्या दिंडीचा नंबर सत्तावीसच्या आतला होता, म्हणजे त्याच नंबराची एक दिंडी रथापुढेही होती. तो मोठा असता तर पुढे जे झालं ते झालंच नसतं.

मी निरोप वहीत लिहिला, सेटवर बोलले. मागे जनरेटर चालू होता, शेजारच्या मांडवात कर्ण्यावर हरिपाठ लागला होता आणि माझ्यापुढे आणखी तीन निरोप थांबलेले होते. पलीकडून "रॉजर" आलं. मी पुढचा कागद उचलला.

पाऊण तासाने तरडगावहून उत्तर आलं. "त्या दिंडीत जाऊन चौकशी केली. आमचं कुणी हरवलेलं नाही म्हणतात. ओव्हर."

मी हेडफोन लावलेला नव्हता. आजी टेबलाशेजारच्या सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांनी ते वाक्य माझ्याबरोबरच ऐकलं.

"कुनीच नाही म्हनले?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. आजींनी तांब्यातलं पाणी प्यायलं, तांब्या पदराने पुसला आणि पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सैपाकाच्या गडबडीत असतील. ध्यानात नसंल आलं." त्या त्यांची बाजू घेत होत्या. जे आपल्याला विसरले असं त्यांना वाटत होतं, त्यांची.

पुढचे दोन तास आजी तिथेच बसून होत्या. कुणी चहा आणून दिला तर घेतला. माळ ओढत होत्या. आठच्या सुमाराला, जेवलीस का असं त्यांनीच मला विचारलं आणि म्हणाल्या, "आमच्या मागच्या दिंड्यांना रोजच उशीर होतो बग जेवायला. पुढचे पोचून, जेवून निजत्यात."

मी सेट हातात घेतला आणि तरडगावच्या मुलाला विचारलं, "साडेपाचच्या निरोपात तुझ्या वहीत काय लिहिलंय? जसंच्या तसं वाच."

त्याने वाचलं. "रथापुढे."

त्याने एका भलत्याच दिंडीत जाऊन विचारलं होतं. त्यांचं खरंच कुणी हरवलं नव्हतं.

मी "रथामागे" म्हणाले होते, माझ्या वहीत तसंच आहे. पण चूक त्याची नव्हती, माझी होती. निरोप सांगून झाल्यावर तो समोरच्याकडून वाचून घ्यायचा असतो. रीडबॅक घेतल्याशिवाय निरोप गेला असं धरायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. तीन निरोप थांबलेत म्हणून मी त्याला फाटा दिला आणि एका बाईला दोन तास वाटत राहिलं की आपण हरवल्याचं कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. त्याला आता काही वर्षं झाली. अजून वहीचं ते पान मी फाडलेलं नाही.

हा धडा मला ज्यांनी शिकवला होता ते माझे काका तार ऑफिसात होते. कट्ट-कडकट्ट करणाऱ्या यंत्रावर त्यांनी उभं आयुष्य काढलं. तारेचा फॉर्म त्यांच्यामुळे मला लहानपणीच माहीत झाला. शब्दाला पैसे पडत, म्हणून लोक शब्द तासून आणत. दिवाळीच्या, लग्नाच्या ठरावीक शुभेच्छांना तर नंबरच होते. नंबर पाठवला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटे. प्रत्येक तारेवर शब्दसंख्या लिहिलेली असे. तार घेणाऱ्याने शब्द मोजायचे आणि संख्या जुळली नाही तर तिथेच थांबवून पुन्हा विचारायचं. काका म्हणत, "बोललेला निरोप अजून आपल्याकडेच असतो. समोरच्याने वाचून दाखवला की मग तो त्याचा." ते "संदेश" हा शब्द कधी वापरत नसत. संदेश पुढारी देतात, आपण निरोप्ये, असं त्यांचं म्हणणं.

तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली. काका तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी ते गच्चीवर गेले आणि दोन भिंतींच्या मधली अँटेनाची तार सैल पडली होती ती ओढून बांधली. "ती तार गेली. ही आहे," एवढंच बोलले.

ही दुसरी तार म्हणजे त्यांचा हॅमचा छंद. कॉल साइन व्हीयू-टूने सुरू होणारी. भारतातल्या हॅमची ओळख व्हीयू या अक्षरांनी होते. पुढचा आकडा दोन असला की जनरल परवाना, तीन असला की रिस्ट्रिक्टेड. वय बारा वर्षं झालं की परीक्षा देता येते. रेडिओचं तंत्र आणि कायदा असे दोन विषय, आणि जनरल परवान्याला मोर्सही, म्हणजे तारेची ती कट्ट-कडकट्ट लिपी, लागतं, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने घ्यायचं आणि पाठवायचं. मी अडतिसाव्या वर्षी परीक्षेला बसले. माझ्या पुढच्या बाकावर आठवीतली एक मुलगी होती. तिने पेपर माझ्याआधी दिला आणि बाहेर जाऊन आईबरोबर डबा खात बसली.

माझा पहिला सेट मी काकांबरोबर बांधला. हैदराबादचे अशर फरहान यांनी आराखडा करून सगळ्यांसाठी खुला केलेला बिटएक्स. बाजारात महागडे सेट मिळतात, पण हा डोळ्यांसमोर तुकड्यातुकड्याने उभा राहतो. कॉइल गुंडाळायला परदेशी गाभा मिळत नसेल तर नळाचे वॉशर वापरा, असं त्यात होतं. आम्ही राजवाड्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून ते वॉशर आणले. दुकानदाराने विचारलं, "नळ कुठला, अर्ध्या इंची का?" काकांनी शांतपणे सांगितलं, "सात मेगाहर्ट्झ." त्यांना त्यात गंमत वाटत नव्हती, ते खरंच उत्तर देत होते.

इंग्रजीतल्या अमॅच्युअरला मराठीत "हौशी" म्हणतात, आणि मला तो शब्द मनापासून आवडतो. हौशी नाटक मंडळी असतात, हौशी गिर्यारोहक असतात, तसे आम्ही. या परवान्यावर पैसे घेता येत नाहीत. धंद्याचं बोलता येत नाही, गाणी लावता येत नाहीत, कुणाला कळू नये अशा सांकेतिक भाषेतही बोलता येत नाही. जे काही बोलाल ते उघड्यावर, नाव सांगून. इतकी बंधनं पाळून वर स्वतःच्या खिशातले पैसे घालायचे, तर मागे हौसच लागते. मात्र या हौशीला कायद्याने स्वतंत्र जागा दिली आहे, कारण अडीअडचणीला यंत्र चालवता येणारी माणसं गावोगाव असावीत, हेही या परवान्यामागे आहे. ती आधीपासून असावी लागतात. पूर येऊन गेल्यावर मोर्स शिकता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या आत किल्लारी आणि आसपासची गावं खाली आली. मातीत बांधलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर धाब्याचं जड छप्पर, ती घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आम्ही साताऱ्याची माणसं. कोयनेचा १९६७ चा भूकंप आमच्या घरात अजून बोलला जातो, त्यामुळे त्या सकाळी काकांनी रेडिओवर बातमी ऐकली आणि काही न बोलता सेट खोक्यात भरायला घेतला. सरकारने हॅमची पथकं तिकडे पाठवली, इतरही जात होते. काका एका मित्राबरोबर गेले ते नवव्या दिवशी परतले.

मी तेव्हा शाळेत होते. तिथलं काही सांगा म्हटलं तर सांगत नसत. ताडपत्र्या किती, औषधं कुठली, कुठल्या गावाला पाण्याचा टँकर पोचलेला नाही, असले निरोप दिवसभर चालायचे, एवढंच म्हणायचे. एकच गोष्ट त्यांनी सांगितली, तीही खूप वर्षांनी, मी परवाना काढल्यावर. सास्तूरकडचा एक माणूस आला. भाऊ मुंबईला, त्याला कळवायचं होतं. काकांनी सवयीने विचारलं, थोडक्यात काय सांगू? तो माणूस म्हणाला, नावं सांगा. आणि त्याने नावं सांगायला सुरुवात केली, मोठ्यांपासून धाकट्यांपर्यंत. अकरा नावं. काकांचा सगळा जन्म शब्द वाचवण्यात गेला होता. ती अकरा नावं त्यांनी एकेक करून पाठवली, पलीकडच्याने एकेक करून परत वाचली, आणि तेवढा वेळ त्या बँडवर मध्ये कुणी बोललं नाही.

मी विचारलं, "तुम्हाला काही वाटलं नाही का तेव्हा?"

"हात थांबवता येत नाही," काका म्हणाले. "नंतर वाटतं."

मराठीत निरोप या शब्दाला दोन अर्थ आहेत. सांगावा म्हणजे निरोप, आणि जाणाऱ्याला देतात तोही निरोप. त्या दिवशी काकांनी कुठला पोचवला ते मला सांगता येणार नाही.

हॅमच्या जगात सगळ्यांना ठाऊक असलेली दुसरी एक सकाळ आहे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचं पथक भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. काम सगळं आनंदाचं होतं. अंदमानातून कित्येक वर्षं हौशी रेडिओ वाजलाच नव्हता. जगभरच्या हॅमच्या यादीत अंदमान हा वेगळा प्रदेश धरला जातो, त्यामुळे तिथल्या केंद्राशी दोन शब्द बोलायला मिळावेत म्हणून हजारो माणसं रात्रंदिवस सेटला कान लावून होती. त्या दोन शब्दांत काय असतं? तुमची कॉल साइन, आणि "पाच-नऊ", म्हणजे तुमचा आवाज स्वच्छ आणि खणखणीत येतोय. बाकी काही नाही. बाहेरच्याला हा खुळेपणा वाटतो. मलाही सुरुवातीला वाटायचा.

२६ डिसेंबरला सकाळी साडेसहाला सुमात्राजवळ समुद्रतळ हलला. भारती प्रसाद त्या वेळी सेटवर होत्या. हादरे जाणवले, त्या तसं ओरडल्या आणि आवाज बंद झाला. पुढे त्सुनामी. फोन गेले, वीज गेली, बेटं एकमेकांपासून आणि मुख्य भूमीपासून तुटली. हे पथक मात्र पुन्हा हवेवर आलं. ज्या सेटवरून त्या सकाळपर्यंत "पाच-नऊ" जात होतं, त्याच सेटवरून आता कोण सुखरूप आहे, कोण सापडत नाही, कुठे काय लागेल, हे जायला लागलं. पुढे कार निकोबारलाही हॅमचं केंद्र उभं राहिलं.

ही गोष्ट ऐकल्यापासून मी "पाच-नऊ"ला खुळेपणा म्हणत नाही. गर्दीत एकाच माणसाचा आवाज वेगळा काढायचा, अक्षर न् अक्षर बरोबर घ्यायचं, दोन सेकंदांत नोंद करून पुढच्याकडे वळायचं, हे त्या लोकांनी कित्येक दिवस हौस म्हणून केलं होतं. २६ तारखेला कान तयार होते.

वारीच्या त्या रात्रीनंतर आम्ही गटात बसून आमच्या चुका लिहून काढल्या. त्यातली पहिली माझीच होती, पण आणखी एक गोष्ट निघाली. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही जगभरची अक्षरं आम्हाला पाठ आहेत. कॉल साइनला ती उत्तम. पण निरोप मराठीत, गावं मराठी, आडनावं मराठी. तिथे अल्फा-ब्राव्होचा उपयोग काय? तेव्हा आम्ही पहिलीच्या अंकलिपीकडे वळलो. ग गणपतीचा, घ घराचा, क कमळाचा. आकड्यांचं तर आणखी अवघड. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर. खरखरीत शेपूट गेलं की सगळे सारखेच. म्हणून आकडा आधी बोलायचा आणि मग सुटा करून सांगायचा: दोन, नऊ. आणि वारीपुरता आमचा एक खास नियम झाला. रथापुढे म्हटलं की लगेच "पंढरीचा प", रथामागे म्हटलं की "माऊलीचा म". तेव्हापासून ती गफलत पुन्हा झालेली नाही.

गंगासागरच्या जत्रेत पश्चिम बंगालचे हॅम वर्षानुवर्षं हरवलेल्या यात्रेकरूंना घरी पोचवतात. देशभरातून आलेली म्हातारी माणसं, भाषा कळत नाही, गावाचं नाव नीट सांगता येत नाही. ही मंडळी त्यांच्या बोलीवरून मुलूख ओळखतात आणि त्या मुलखातल्या हॅमला गाठतात. अशा बातम्या वाचल्या की मला जिंतूरच्या आजींचा "बग" आठवतो. एका शब्दावरून माणसाचं गाव काढायला किती ऐकलेलं असावं लागतं!

रोज सकाळी मी चाळीस मीटरच्या बँडवर असते, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास. सहा वाजून गेले की हजेरी सुरू होते. कुणी नाशिकहून, कुणी सोलापूरहून, कुणी गोव्यातून, कधी बेळगावकडून. बोलणं अगदी साधं असतं: पाऊस किती, बॅटरी किती, आज आवाज कसा येतोय. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ती वाट. दोन मीटरवरच्या लहरी सरळ जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. सह्याद्रीत तर पावलोपावली डोंगर. मेढ्याहून महाबळेश्वरच्या पलीकडे बोलायचं झालं तरी डोंगरमाथ्यावरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र, लागतो, आणि आपत्तीत त्याची वीज जाते. चाळीस मीटरवर तसं नाही. दहा-दहा मीटरचे तारेचे दोन हात घ्यायचे, दोन झाडांना बांधायचे, आणि मुद्दाम फार उंच बांधायचे नाहीत. मग लहर थेट आभाळात चढते, वरच्या विद्युतभारित थरावर आपटते आणि छत्रीसारखी तीनचारशे किलोमीटरवर खाली उतरते. घाट, दऱ्या, कपारी, सगळ्यांच्या डोक्यावरून. दिवस मावळला की तो थर बदलतो. मग शेजारचं कोल्हापूर ऐकू येईनासं होतं आणि कुठूनतरी पूर्वेकडच्या बेटांवरचे आवाज यायला लागतात. तेव्हा जवळच्यांसाठी ऐंशी मीटरवर उतरायचं.

या चाळीस मीटरच्या पट्ट्याला मुंबईचा एक जुना दुवा आहे. १९४२ च्या आंदोलनात बाविशीतल्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, तो ४२.३४ मीटरवर. हिशेब केला तर ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आमच्या सकाळच्या हजेरीच्या अंगणातच. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने हॅमचे सेट जमा करून घेतले होते, तरीही त्या रेडिओमागे तेव्हाचे मुंबईचे हौशी रेडिओवाले होते. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून जागा सारखी बदलत. नोव्हेंबरमध्ये पकडले गेले आणि उषाबेनना येरवड्याला पाठवलं. त्यांचं काम वेगळं होतं, आमचं वेगळं, हे मला कळतं. पण एखाद्या सकाळी बँड अगदी निवांत असतो, नुसती बारीक सळसळ चालू असते, तेव्हा इथूनच ते शब्द गेले होते हे आठवून अंगावर काटा येतो.

लोक विचारतात, आता मोबाइल आहेत, सॅटेलाइट फोन आहेत, तुमची गरज काय? मी त्यांना २२ जुलै २०२१ चं चिपळूण सांगते. माझी मावशी तिथे बाजारपेठेच्या मागे राहते. वाशिष्ठीचं पाणी पहाटे शिरलं, सकाळी मावसभावाचा एक फोन आला, "पहिला मजला गेला," आणि मग काहीच नाही. वीज गेली की मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास चालतात, ते संपले की हातातला फोन नुसती विजेरी. मी त्या दिवशी सेटसमोर बसून होते. अँटेना चांगली होती, बॅटरी भरलेली होती, बँड उघडा होता. पण मावशीच्या गल्लीत, आसपासच्या चार गल्ल्यांत, माझं ऐकणारं कुणी नव्हतं. मी हाक मारत राहिले आणि सळसळ ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी मावशीचा आवाज ऐकला, तो भावाच्या फोनवर.

म्हणून मला राग येतो तो या गोष्टीचा. सरावाच्या दिवशी आम्हाला बोलावतात, टेबल देतात, फोटो काढतात आणि यादीत आमचे जे नंबर लिहितात ते पुढच्या वर्षी तसेच, बदललेले असले तरी. परीक्षा पास झालेल्या पोराच्या हातात परवाना यायला इतके महिने जातात की तोवर तो नोकरीला लागून बंगळूरला गेलेला असतो. माझ्या ओळखीतली अशी तीन मुलं मी गमावली. दुसरीकडे ऑनलाइन कुणीही वॉकीटॉकी मागवतो आणि परवान्याशिवाय बोलत सुटतो. त्याला वापर कळत नाही आणि ज्याला कळतो त्याचा कागद कुठल्याशा टेबलावर पडून असतो. प्रत्येक तालुक्याला दोन हॅम, फक्त दोन, एवढी माझी मागणी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत एक सेट, गच्चीवर वीस मीटर तार. मी माझ्या कॉलेजात दर शनिवारी वर्ग घेते. सध्या नऊ मुलं येतात, त्यांतल्या पाच मुली. पहिल्या दिवशी त्यांना सेटला हात लावू देत नाही. मी एक परिच्छेद वाचते, त्यांनी लिहायचा, मग प्रत्येकाने परत वाचायचा. नऊ वह्यांत नऊ परिच्छेद निघतात. कुणी "आणि" गाळलेलं असतं, कुणी "बहुतेक" घातलेलं असतं. तो "बहुतेक" शोधून काढायला आम्हाला पहिला महिना लागतो.

काका आता नाहीत. गेलेल्या हॅमला जगभर "सायलेंट की" म्हणतात, मोर्सची कळ थांबलेला. त्यांची कळ माझ्याकडे आहे, पितळेची, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. त्यांच्या निरोपांच्या वह्याही आहेत. प्रत्येक निरोपाखाली वेळ, शब्दसंख्या आणि रीडबॅकची टिकमार्क. किल्लारीच्या वहीत ती अकरा नावं आहेत, आणि अकरा टिकमार्क.

माझ्या वहीत लोणंदचं ते पान आहे. साडेपाचच्या निरोपाखाली टिकमार्क नाही. त्याखाली सव्वाआठचा निरोप, या वेळी तीनदा वाचून घेतलेला. पलीकडून उत्तर यायला अकरा मिनिटं लागली. दिंडीतली माणसं दुपारपासून आजींना शोधत होती, दोघं जण उलट्या वाटेने चालत लोणंदकडे निघालेही होते. मी आजींना सांगितलं. त्या उठल्या, लुगडं झटकलं, "म्या म्हनलं नव्हतं?" म्हणाल्या. त्यांनी असं काहीच म्हटलं नव्हतं. एका दुधाच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून त्या तरडगावला गेल्या.

रात्री दहाला सेट वाजला. तरडगावचा मुलगा होता. म्हणाला, निरोप आहे, लिहून घ्या. मी पेन उचललं.

"पोचले. भाकर खाल्ली. त्या माईला सांगा, माझा तांब्या तिच्या तंबूत राहिला. उद्या फलटणला द्या. शब्द चौदा. ओव्हर."

टेबलाखाली बॅटरीशेजारी तांब्या होता. मी शब्द मोजले, आणि पहिल्यापासून परत वाचायला लागले.